सरपंचबाईंची तब्येत

कासारमळ्याचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झालं, तेव्हा हौसराव आप्पांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. यवतहून राहूकडं जाताना उसात बुडालेलं हे गाव त्यांनी बारा वर्षं चालवलं होतं. चालवलं म्हणजे काय, तर गावात कुणालाही कसलाही दाखला लागला की तो आप्पांनी दिला. रहिवासाचा, उत्पन्नाचा, वयाचा. खरंखोटं बघण्यात त्यांनी कधी वेळ घालवला नाही. माणसाचं काम अडता कामा नये, हे त्यांचं तत्त्व होतं आणि तत्त्वाला ते पक्के होते.

मग त्यांना तोडगा सुचला. तोडग्याचं नाव चांगुणा.

चांगुणा बौद्धवस्तीत राहायची आणि आप्पांच्याच उसात खुरपायला यायची. नवरा सोलापूर रस्त्यावर ट्रक चालवायचा. तो एड्सनं गेला आणि जाताना आजार बायकोला देऊन गेला. चांगुणानं हे कुणापासून झाकलं नाही. कुणी विचारलं की सरळ सांगायची, "व्हय, मलाबी हाय." एवढं सरळ उत्तर मिळाल्यामुळं गावाची पंचाईत झाली, कारण कुजबुजायला काही शिल्लकच राहिलं नाही. बाई वाळून काटकी झाली होती. ती दिवाळी बघायची नाही असा गावाचा अंदाज होता, आणि अशा अंदाजाच्या बाबतीत गावाला भारी उत्साह असतो.

आप्पांनी डाव मांडला. चांगुणाला बिनविरोध निवडून आणायचं, सरपंच करायचं. ती गेली की कारभार उपसरपंचाकडं. आणि उपसरपंच कोण, तर हौसराव.

"डोकं म्हंजी डोकं हाय आप्पा तुमचं," कोंडिबा म्हणाला. कोंडिबा ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि त्याचं सगळं राजकारण आप्पांच्या मोटरसायकलवर मागं बसून झालं होतं. "बाई बी खुशीत जाईल. सरपंच म्हणून जाईल."

आप्पा वस्तीवर गेले तेव्हा चांगुणा चुलीपुढं बसली होती.

"चांगुणे, सरपंच व्हतीस का?"

"मी? माझं काय खरं हाय आप्पा? आज हाय, उद्या न्हाई."

"अगं म्हणूनच तर..." आप्पांनी जीभ चावली. "म्हणूनच म्हणतो, गावाची सेवा घडू दे हातनं."

चांगुणा हसली. ती खुळी नव्हती. पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला खुर्ची देऊ केली होती. देणाऱ्याच्या पोटात काय आहे ते बघून खुर्च्या नाकारायच्या ठरवल्या, तर या देशात निम्म्या लोकांना उभंच राहावं लागेल. ती हो म्हणाली.

निवडणूक बिनविरोध झाली. गावानं एकजूट दाखवली म्हणून यवतच्या वार्ताहरानं चार ओळी छापल्या. सत्काराला आप्पांनी जातीपातीपलीकडं गेलेल्या कासारमळ्यावर भाषण केलं. हार घालायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी तो चांगुणाच्या हातात दिला आणि तिनं तो स्वतःच गळ्यात घालून घेतला. टाळ्या तरीही पडल्या.

दसऱ्याच्या सुमारास चांगुणानं अंथरूण धरलं. ताप, खोकला, दोन घास पोटात ठरेनात. आप्पा रोज सकाळी चौकशीला माणूस पाठवायचे आणि तो परत येईस्तोवर चेहरा गंभीर ठेवायचे. शोकसभेत काय बोलायचं तेही त्यांनी मोटरसायकलवर बसल्या बसल्या जुळवून ठेवलं. भाषण झकास जमलं होतं. शेवटाला तर त्यांचा स्वतःचाच गळा दाटून आला आणि त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

अशातच ग्रामसेवक भाऊसाहेब चहा पिता पिता म्हणाले, "आप्पा, दगडोबानं तयारी चालवलीये म्हणं."

"कसली?"

"पोटनिवडणुकीची. बाई गेली तर तिची जागा परत तशीच राखीव ऱ्हाणार की. वस्तीतल्या सीमाला उभी करणार हायेत. बीकॉम झालीये, दौंडला पतसंस्थेत हाय. म्हणती, निवडून आले तर पयल्यांदा बारा वर्षांचं दप्तर बघते."

आप्पांनी कप खाली ठेवला. दगडोबा त्यांचा जुना वैरी, त्याला त्यांनी बघून घेतलं असतं. पण बारा वर्षांचं दप्तर बघणारी बीकॉम बाई म्हणजे गावाचं वाटोळं, असं त्यांना मनापासून वाटलं. त्या घटकेला हौसरावांना चांगुणाच्या तब्येतीची पहिल्यांदाच खरीखुरी काळजी वाटली. काळजी इतकी खरी होती की ते चहा अर्धा टाकून जीप काढायला उठले.

तासाभरात त्यांची जीप वस्तीवर उभी राहिली. चांगुणाला चादरीत गुंडाळून मागं झोपवली आणि जीप पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्याकडं निघाली. भांडगावच्या एका ओळखीच्या माणसानं रस्त्यात हात केला, तर आप्पा थांबलेसुद्धा नाहीत.

दवाखान्यात ही लांब रांग. आप्पा रीतीप्रमाणं रांग मोडून पुढं घुसले आणि "मी उपसरपंच" म्हणाले. तर एका बाईनं त्यांच्या सदऱ्याला मागून धरलं.

"उपसरपंच असाल तुमच्या गावात. हितं सगळे लायनीत. पेशंट कुठाय? खाली ठेवलाय? आन् तुम्ही वर कशाला आलाय मग, त्याला धरायचं सोडून?"

ही दौंडची खुर्शिद. तिचाही नवरा ट्रकवर होता, तोही गेला होता, आणि तिलाही आजार होता. नव्वद सालानंतर तिनं आणि आणखी दोघीतिघींनी दौंडला एक गट काढला. तेव्हा अशा बायकांना बसायला कुणी खोली देईना, म्हणून शिवणक्लासच्या नावाखाली बसायच्या. एक मोडकं मशीन मधे ठेवायचं आणि भोवती बसून रडून घ्यायचं. औषध होतं, पण ते श्रीमंतांसाठी. गटाचं काम म्हणजे दवाखान्यात घेत नाहीत तिथं भांडून घ्यायला लावायचं, घरातून काढलेल्या सुनेला परत पोचवायचं, आणि ज्याला घरचे हात लावत नाहीत त्याला आंघोळ घालून शेवटची सोय करायची. पोटच्या पोरांसारखी जपलेली माणसं खुर्शिदनं अशी मसणात पोचवली होती. आता सरकारनं गोळ्या फुकट सुरू केल्यापासून तिला एकच राग होता, की त्या तेव्हा का नाही दिल्या. तो राग ती भेटेल त्याच्यावर काढायची, आणि त्या दिवशी आप्पा भेटले.

तिनं स्ट्रेचर मिळवलं, डॉक्टर मिळवला, आप्पांना तीनदा खाली पळवलं. रांगेत उभं राहून आप्पांचे डोळे मात्र आपल्या सवयीनं फिरत होते. कुणी ओळखीचं दिसतंय का, आणि दिसलं तर त्याचा पुढं उपयोग काय.

"खुर्शिदबाई, आमच्या तालुक्यातली कोण कोण असत्यात हो हितं?" त्यांनी हळूच विचारलं. "दगडोबाच्या घरचं कुणी?"

खुर्शिदनं त्यांच्याकडं असं बघितलं की आप्पा अर्धं पाऊल मागं सरले. "आप्पा, आमच्या गटात एकच नियम हाय. कुणाला हाय आन् कुणाला न्हाई, हे आमच्या तोंडातनं निघत न्हाई. मेलो तरी. समजलं?"

"समजलं, समजलं. नियम चांगला हाय," आप्पा म्हणाले. त्यांना तो नियम अगदीच बिनकामाचा वाटला.

डॉक्टरांनी सांगितलं, टीबी झालाय. आधी त्याचं औषध, मग या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. एकही चुकवायची नाही.

"जन्मभर म्हंजी डॉक्टर, पाच वर्षं तरी निघत्याल ना?" आप्पांनी विचारलं.

"पाच काय, पंचवीस निघतील."

"पंचवीस नकोत," आप्पा घाईनं म्हणाले. "पाच बास."

त्या दिवसापासून कासारमळ्यात चमत्कार सुरू झाला. आप्पांच्या गोठ्यातलं दूध रोज बौद्धवस्तीत जाऊ लागलं. गावठी अंडी जाऊ लागली. ग्रामपंचायतीचा शिपाई सकाळ-संध्याकाळ सायकलवर जाऊन विचारून यायचा, गोळी घेतली का. जरा शिंक आली की आप्पा दारात. "सरपंच, गारठ्यात बसू नका. सरपंच, डोक्याला बांधा कायतरी." चांगुणेची सरपंच झाली आणि तूचं तुम्ही झालं, ते कधी झालं हे आप्पांनाही कळलं नाही.

चांगुणा भरली. गालावर मांस आलं, आवाज मोठा झाला. ती ग्रामपंचायतीत येऊन बसू लागली आणि कागदावर सही करण्याआधी तो वाचू लागली. हे आप्पांच्या आराखड्यात नव्हतं. पण वाचणारी चांगुणा ही वाचणाऱ्या सीमापेक्षा परवडली, कारण चांगुणा अजून मागचं दप्तर मागत नव्हती. ते कधी मागेल या धास्तीनं आप्पांनी दुधात आणखी एक लिटर वाढवलं.

पुढच्या उन्हाळ्यात गोळ्या आल्या नाहीत. दवाखान्यात म्हणाले, वरून माल आला नाही, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यातही तेच. चांगुणाच्या डब्यात जेमतेम दोन दिवसांच्या गोळ्या उरल्या. खुर्शिदनं ठरवलं, पुण्याला सरकारी कचेरीपुढं धरणं धरायचं. पण तिच्या गटातल्या निम्म्या बायकांना तोंड दाखवायची भीती. घरात माहीत नाही, चाळीत माहीत नाही. फोटो निघाला तर संपलं.

"मी येतो," आप्पा म्हणाले.

कालव्याच्या पाण्यासाठी आप्पांनी उभी हयात धरणी धरली होती. आंदोलन कसं करायचं हे त्यांना खुर्शिदनं शिकवायची गरज नव्हती. त्यांनी सतरंजी आणली, माईक आणला, गेटच्या बरोबर तोंडावर बसकण मारली. बायका पदर तोंडावर घेऊन मागं बसल्या आणि आप्पा सगळ्यांच्या पुढं. आवाज असा लावला की आतल्या बाबूंनी खिडक्या लावून घेतल्या. "गोळ्या आमच्या हक्काच्या!" दुपारी एक साहेब बाहेर येऊन समजूत घालू लागला, तर आप्पांनी त्याच्या पायावर टोपी ठेवली आणि डोळ्यांत पाणी आणलं. ते म्हणाले, "सायेब, एक बी माणूस मेला तर आमचं घर बसंल हो!" हे अक्षरशः खरं होतं. पदराआड बसलेल्या दोघी त्यांच्या बरोबर रडल्या, आणि खुर्शिदसारखी बाई, तिलाही भरून आलं. इतकी वर्षं या बायकांसाठी कुठला पुरुष असा भर रस्त्यात ओरडला नव्हता. कशासाठी ओरडतोय हे विचारायची त्या दुपारी कुणालाच इच्छा नव्हती.

तिसऱ्या दिवशी गोळ्या आल्या. आणि त्याच दिवशी पेपरात फोटो आला. मूठ वर केलेले, टोपी तिरपी झालेले हौसराव, आणि खाली ओळ होती: एचआयव्हीग्रस्तांचे धरणे.

कासारमळ्यानं पेपर वाचला. मग पुन्हा वाचला. आणि गावाला एकाएकी सगळा उलगडा झाला. दूध का, अंडी का, दर महिन्याला पुण्याची फेरी का. परक्या बाईसाठी माणूस एवढं करत नसतो, निदान हौसराव तर नाहीच नाही. हा निष्कर्ष काढताना गावानं आप्पांच्या स्वभावाचा अगदी बारकाईनं विचार केला होता.

यवतच्या न्हाव्यानं त्यांची दाढी करायच्या आधी नवं पातं काढून दाखवलं आणि झाल्यावर हातमोजे शोधू लागला. हॉटेलात त्यांच्यापुढं चहा प्लॅस्टिकच्या कपात आला. कोंडिबाला मोटरसायकलवर बसल्यानं पाठ दुखायला लागली आणि तो एसटीनं जाऊ लागला. लोक भेटले की मायेनं विचारायचे, "कसं वाटतंय आप्पा आता?" आप्पांना ती माया ओळखीची वाटायची. चांगुणा आजारी असताना ते स्वतः अशीच चौकशी करत होते.

चिडून त्यांनी दौंडला जाऊन रक्त तपासून घेतलं. आजार नव्हता. तसा कागद त्यांनी चावडीवर सगळ्यांपुढं फडकवला.

लोकांनी तो आदरानं बघितला. "कागद काय हो आप्पा," कोंडिबा लांबूनच म्हणाला, "माझ्या थोरल्याचं वय तुम्ही कागदावर चार वर्षांनी कमी केलंय. कागदाचं काय एवढं!"

सगळे हसले. आप्पांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला.

हे सगळं त्यांनी गिळलं असतं. पण लेक रंभा लग्नाची होती. शिरूरचं चांगलं घर बघून ठेवलं होतं, मुलगा कंपनीत कायम, पसंती झालेली, फक्त बैठक राहिली होती. आणि पेपर शिरूरलाही जातो.

पाहुणे आले. ओसरीवर बसले, पण टेकले नाहीत. मुलाचे वडील चप्पल काढायची की नाही याच विचारात होते. कस्तुराबाईंनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, शोकेसमधला फुलाफुलांचा नवा सेट काढून चहा पाठवला. कपांना कुणी हात लावेना.

"पोरीत काही न्हाई हो," मुलाचे वडील म्हणाले. "पण कानावर आलंय."

आप्पांनी कागद पुढं केला. पाहुण्यांनी तो न घेताच हात जोडले. "आप्पा, रागावू नका. मी जन्मात कधी कासारमळ्यात राह्यलो न्हाई, आन् माझ्या घरात कासारमळ्याच्या रहिवासाचा दाखला हाय. तुमच्याच सहीचा. कागदाचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या सरपंचबाई त्यातल्याच हायेत, कुणाकुणाला हाय ते त्यांना बरोबर म्हाईत असणार. त्यांनी एक शब्द सांगावा, की आम्ही चहा घेतो."

आप्पांचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! जिला त्यांनी दूध पाजून जगवली, तिचा एक शब्द. त्यांनी शिपायाला पिटाळलं. चांगुणा आली, आणि तिच्याकडं आलेली खुर्शिदही बरोबर आली. दोघी ओसरीवर टेकल्या.

"सरपंच," आप्पा म्हणाले, "पाव्हण्यांना सांगा तेवढं. मला तो आजार न्हाई म्हणून."

चांगुणानं खुर्शिदकडं बघितलं. खुर्शिद जमिनीकडं बघत होती.

"आप्पा, हे मला सांगता यायचं न्हाई."

"का? खरं हाय की ते! तुमाला म्हाईत हाय!"

"खरं हाय का खोटं, ते बी सांगता यायचं न्हाई. आज तुमचं न्हाई म्हणून सांगितलं, तर उद्या ज्याच्याबद्दल मी गप बसंन, त्याला हाय म्हणून गावाला कळंल. लई बाया घरात लपून गोळ्या खात्यात आप्पा. त्या माझ्या गप बसण्यावर जगत्यात." तिचे डोळे भरले होते. "तुम्ही मला जगवलं. कशासाठी जगवलं, ते बी मला म्हाईत हाय. पण जगवलं तर खरं. दुसरं काय बी मागा."

"रंभाचं लगीन मोडतंय सरपंच!"

"मला वाईट वाटतंय," चांगुणा म्हणाली. "लई वाईट वाटतंय."

पाहुण्यांना जे कळायचं ते कळलं. ते उठले. नाही म्हणाले नाहीत, कळवतो म्हणाले. गाडी वस्तीच्या वळणावरून गेली आणि ओसरीवर फुलाफुलांचे भरलेले कप राहिले.

खुर्शिदनं एक कप उचलला, एक चांगुणाच्या हातात दिला. "चाय नासवायची कशाला," ती म्हणाली. दोघी पिऊ लागल्या.

आप्पा खांबाला टेकून बसले होते. "मला बी आणा गं घोटभर," ते आतल्या दाराकडं बघून म्हणाले.

कस्तुराबाई आत दाराआड उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. नवरा खरं बोलतोय असं त्या इतके दिवस स्वतःला सांगत आल्या होत्या. चांगुणा गप्प बसली आणि शिरूरची गाडी निघून गेली, तसं त्यांचं ते सांगणं संपलं. बराच वेळ आत भांड्यांचा आवाज आला. मग त्या बाहेर आल्या, आप्पांपुढं चहा ठेवला आणि त्यांच्याकडं न बघता आत गेल्या.

कप फुलाफुलांचा नव्हता. घरातल्या रोजच्यातलाही नव्हता. गोठ्याच्या वळचणीला, बौद्धवस्तीतून खुरपायला येणाऱ्या माणसांसाठी जो वेगळा ठेवलेला असायचा, तो होता. माणसांनी त्यात चहा प्यायचा, तो स्वतःच विसळायचा आणि परत वळचणीला खोचायचा. आप्पांनी तो आजवर कधी हातात धरला नव्हता. त्यांनी तो उचलला आणि तसाच सांडत खाली टेकवला.

चांगुणानं आपला कप बाजूला ठेवला. किती वर्षं ती त्या दुसऱ्या कपातून प्यायली होती.

"आप्पा, त्याचा कान तुटल्याला हाय," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी कडेला धरा. मधी धरला की भाजतंय."

हौसरावांनी तिनं सांगितलं तसा कप धरला.